पाणी जातं कुठे?

मारुती ८०० च्या रेडिएटरचं झाकण हातात घेऊन पाहिलं, तर वरच्या पत्र्यावर ०.९ असा आकडा दिसतो. वीस वर्षं तीच गाडी चालवलेल्यांनीही तो बहुधा वाचलेला नसतो. दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो इतका दाब आत साठेपर्यंत हे झाकण पाणी अडवून धरतं. त्यापुढे आतली स्प्रिंग दबते आणि जास्तीचं पाणी नळीवाटे बाजूच्या बाटलीत जातं. घरातल्या कुकरचंच तत्त्व. समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळणारं पाणी या झाकणाखाली ११८ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत उकळत नाही, आणि त्यात निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर मर्यादा आणखी वर सरकते. खंडाळ्याला, सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, उघडं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. बोरघाट चढून आलेल्या, आधीच तापलेल्या इंजिनाला घाटमाथ्यावर या एवढ्याशा स्प्रिंगचा आधार सगळ्यात जास्त लागतो.

ती स्प्रिंग मऊ पडली किंवा खालचं रबर कडक झालं, की गाडी ‘पाणी खायला’ लागते. जमिनीवर थेंब दिसत नाही, पण बाटली रिकामी होत राहते. मालक घाबरून गॅरेज गाठतो आणि तिथे त्याला रेडिएटर बदलायला सांगतात.

असं सांगितलं गेलेली एक गाडी आमच्या सोसायटीत आहे. एका निवृत्त काकांची, १९९८ सालची मारुती ८००. या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि शेवटची गाडी १८ जानेवारी २०१४ रोजी कारखान्याबाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत २८ लाखांहून अधिक बनल्या. त्यांतल्या बऱ्याच भंगारात गेल्या. उरलेल्या अशा काकांकडे आहेत, ज्यांना ती विकायचीही नाही आणि तिच्यावर फार खर्चही करायचा नाही. बाटलीतलं पाणी महिनाभरात वरच्या रेघेवरून खालच्या रेघेखाली जातं, एवढीच त्यांची तक्रार. पहिल्या गॅरेजने रेडिएटर सांगितला, दुसऱ्याने वॉटर पंप, तिसऱ्याने थेट हेड गॅस्केट. तिघांचाही अंदाज अशक्य कोटीतला नव्हता. मात्र तिघांपैकी एकानेही पाणी नेमकं कुठून जातंय हे शोधलं नव्हतं. प्रत्येकाने आपल्या सवयीतला पार्ट सांगितला होता.

चौथा मिस्त्री नाना पेठेच्या एका गल्लीतला, साठीकडे झुकलेला. पुण्यात जुन्या गाडीचा सुटा भाग कुठेच मिळाला नाही की माणसं नाना पेठेत येतात, आणि भागांच्या दुकानांच्या आसऱ्याने अशी छोटी गॅरेजेस टिकून आहेत. त्याने बॉनेट उघडलंच नाही. आधी प्रश्न विचारले. पाणी रोज थोडं जातं की एखाद्या लांबच्या फेरीनंतर एकदम? एसी लावल्यावर फरक पडतो का? सकाळी पहिल्यांदा चालू करताना इंजिन क्षणभर अडखळतं का? पुढच्या काचेवर आतून चिकट धुकं बसतं का? डाव्या बाजूची चटई ओली असते का? काकांना बहुतेक उत्तरं येत नव्हती, कारण आधी कुणी विचारलंच नव्हतं. गाडी रात्रभर इथेच ठेवा, एवढं सांगून मिस्त्री चहाला गेला.

या प्रश्नांमागे साधा हिशेब होता. कूलिंगची व्यवस्था ही बंद व्यवस्था आहे. तिच्यात जेमतेम तीन-चार लिटर पाणी फिरतं. ते कमी झालं म्हणजे एक तर बाहेर जमिनीवर पडलं, किंवा तापलेल्या लोखंडावर पडून तिथेच वाळलं, किंवा हीटरच्या कॉइलमधून गाडीच्या आत आलं, नाहीतर इंजिनाच्या पोटात जाऊन जळालं. पाचवी वाट म्हणजे झाकणातून बाटलीत आणि बाटलीतून रस्त्यावर. प्रत्येक वाटेची खूण वेगळी असते. गोंधळ होतो तो खुणा भलत्या जागी दिसतात म्हणून. पाणी वरून ओघळत येतं, पंख्याच्या वाऱ्याने मागे फेकलं जातं, पट्ट्यावर पडलं तर चारी बाजूंना उडतं. डाग सापडला की गळती सापडली असं नसतं. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग शोधायचा आणि तिथून उलट्या दिशेने जायचं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता. सकाळी तो कोरडा निघाला. एसीचं पाणी डाव्या बाजूला ठिबकतं आणि पावसाळ्यात तर सगळीच जमीन ओली असते, म्हणून गळतीच्या शोधात पुठ्ठ्याला महत्त्व आहे. एसीच्या पाण्याला ना रंग असतो ना वास. कूलंट बोटांत चोळलं तर किंचित बुळबुळीत लागतं आणि वास गोडसर येतो. चाखून मात्र बघू नये. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झलेट बनून मूत्रपिंडात खडे साठतात. चव गोड असल्यामुळे भटकी कुत्री-मांजरं सांडलेलं कूलंट चाटतात आणि मरतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते सांडलं तर भरपूर पाणी टाकून धुवायलाच हवं.

पुठ्ठा कोरडा म्हणजे गळती नाही, असा निष्कर्ष मिस्त्रीने काढला नाही. काही गळत्या फक्त थंड इंजिनात असतात. रात्री रबर आणि धातू आकसतात, क्लिप सैल पडते आणि सकाळी होजच्या तोंडाशी दोन थेंब दिसतात, जे इंजिन तापताच बंद होतात. काही याच्या उलट, फक्त दाब चढल्यावर उघडतात. इंजिन बंद केल्यानंतरची पाच-दहा मिनिटं पाहण्यासारखी असतात. पंप थांबलेला असतो, बिडाच्या ब्लॉकमधली उष्णता मात्र पाण्यात उतरत राहते आणि तापमान वाढतं. चालत्या गाडीत न दिसलेली गळती घरी येऊन गाडी लावल्यावर दिसते ती यामुळे. पण तोवर मालक लिफ्टने वर गेलेला असतो.

मग त्याने कपाटातून दाबाचा पंप काढला. सायकलच्या पंपाएवढा, वर घड्याळ, खाली रेडिएटरच्या तोंडावर बसणारं झाकण. इंजिन थंड असतानाच हे लावायचं आणि हाताने हवा भरत काटा ०.९ वर आणायचा, त्यापुढे नाही. हौसेने जास्त दाब दिला तर जुना रेडिएटर नको तिथे फाटतो आणि नसलेली गळती तयार होते. इंजिन बंद, पंखा बंद, सगळं शांत. आता काटा पाहत बसायचं. दहा-बारा मिनिटांत तो ०.७ च्या जवळ उतरला. म्हणजे गळती होती, आणि थंडीतही होती, फक्त तिला दाब हवा होता.

यानंतरचं काम टॉर्चचं आणि दाढीच्या आरशाचं. वरचा होज, खालचा होज, हीटरचे दोन पातळ पाइप, थर्मोस्टॅटचं घर. होज नुसता बघून भागत नाही, पिळून बघावा लागतो. बाहेरून धड दिसणारं रबर आतून सुटलेलं असतं आणि दाबल्यावर कुरकुरतं. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकलेल्या असतात, गॅरेजमध्ये त्यांना डमी म्हणतात. वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलेल्या गाडीत या आतून गंजतात आणि टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. काकांच्या गाडीत त्या ठीक होत्या. पट्ट्याच्या बाजूला मात्र आरशात हिरवट-पांढरी खपली दिसली, आणि तिच्या वर, वॉटर पंपाच्या अंगावर, पेन्सिलीचं टोक जाईल एवढं भोक. भोकाच्या काठाला एक थेंब आला होता.

हे भोक चुकून पडलेलं नसतं, कारखान्यातच पाडलेलं असतं. पंपाच्या आत एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बेअरिंग, मध्ये सील. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जाऊन ते खाऊन टाकेल, म्हणून वाटेतच त्याला बाहेर पडायला हे भोक ठेवलेलं असतं. काही हुशार लोक ते एम-सीलने बुजवतात. गळती थांबते खरी, पण थोड्याच दिवसांत बेअरिंग खडखडायला लागतं आणि पंप अडकला तर पट्टाही जातो. मारुतीत पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणून हे काम सोपं. फियाट पालिओ, पुंटोच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनात पंप टायमिंगच्या पट्ट्यावर असतो. तिथे दोन्ही एकत्रच बदलावेत. फक्त पट्टा बदलून जुना पंप ठेवणं ही काटकसर नव्हे.

काका खूश झाले. दुसऱ्या गॅरेजचा अंदाज बरोबर ठरला होता. मिस्त्री खूश नव्हता. एवढ्याशा थेंबाने महिन्याला बाटली रिकामी होणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. त्याने रेडिएटरचं झाकण त्याच दाबाच्या पंपाच्या टोकाला बसवलं आणि हवा भरली. ०.५ च्या आसपासच झाकणाने दम सोडला. इथे पहिला प्रश्न सुटला: लांबच्या फेरीत पाणी लवकर उकळत होतं, बाटलीत जात होतं, बाटली भरून वाहत होती, आणि झाकणातली दुसरी, उलट दिशेची झडपही चिकटल्यामुळे थंड होताना पाणी बाटलीतून परत ओढलं जात नव्हतं. अशा गाडीचा वरचा होज सकाळी चपटा झालेला दिसतो. ही खूण कुणालाही, कुठल्याही अवजाराशिवाय पाहता येते. तरीही झाकण हा गॅरेजमध्ये सगळ्यात शेवटी आठवणारा भाग आहे, आणि याचं कारण मला तरी त्याची किंमत वाटते. एवढ्या स्वस्त वस्तूत गाडीचा रोग असू शकतो, यावर ना मालकाचा विश्वास बसतो ना मिस्त्रीचं पोट भरतं.

हेड गॅस्केटची भीती काकांच्या मनातून जात नव्हती. ती रास्तही होती, कारण तो खर्च म्हाताऱ्या गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली ही पातळ चकती फाटली, तर सिलेंडरमधला जळता वायू पाण्यात घुसतो किंवा पाणी सिलेंडरमध्ये. मग थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगड होतो, जेव्हा पाणी धड कोमटही झालेलं नसतं. पाणी रात्रभर सिलेंडरमध्ये झिरपलं तर सकाळी गाडी क्षणभर एका सिलेंडरवर मिस मारते. मिस्त्रीचा तो प्रश्न यासाठी होता. प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले तर दोन तपकिरी आणि तिसरा लख्ख स्वच्छ दिसतो, वाफेने धुतला गेल्यामुळे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला की अनेक मिस्त्री लगेच हेड खोलायला घेतात. ती घाई वाईट. रोज बाजारापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत, विशेषतः पावसाळ्यात, इंजिन पुरतं तापतच नाही आणि हवेतला दमटपणा झाकणाखाली जमून तसाच थर धरतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तरच काळजी करावी.

पक्की खात्री करायला निळ्या द्रावाची नळी मिळते. रेडिएटरच्या तोंडाशी ती धरून आतली हवा द्रावातून ओढायची. जळालेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळला तर निळा रंग पिवळा होतो. काकांच्या गाडीत तो निळाच राहिला. म्हणजे तिसऱ्या गॅरेजने सुचवलेलं, हेड उतरवून फेसिंग करण्याचं काम विनाकारण झालं असतं.

नवा वॉटर पंप येईपर्यंत मी शेजारच्या गल्लीत रेडिएटरवाल्याकडे गेलो. सिमेंटची पाण्याची टाकी, गॅसची बत्ती, भिंतीला टेकलेले पितळी रेडिएटर. फियाट, अँबेसेडर, जीप यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि डाख देऊन जोडलेले. जे झाळून जोडलेलं असतं ते झाळून दुरुस्तही होतं. दोन्ही तोंडं रबराने बंद करून रेडिएटर टाकीत बुडवायचा, हवा सोडायची, बुडबुडे जिथून येतील तिथे खूण करायची. जाळी चोंदली असेल तर वरची टाकी उकलून एकेका नळीतून पातळ पट्टी फिरवायची. याला रॉडिंग म्हणतात. १९०१ सालच्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाखने ८,०७० छोट्या चौकोनी नळ्यांचा मधपोळी रेडिएटर बनवला, तेव्हा गाडीला लागणारं पाणी निम्म्यावर, नऊ लिटरवर आलं होतं. त्या नळ्यांना डाख देणाऱ्यांची कल्पना इथे बसून करवते. आताचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, टाक्या प्लास्टिकच्या, मध्ये रबराची वादी आणि पत्र्याचे दात दुमडून बसवलेले. हलके आणि स्वस्त, थंडही चांगलं करतात. पण दहा-पंधरा वर्षांच्या उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होतं, होज बसतो त्या मानेशी चीर जाते, आणि तिला डाख लागत नाही. अशा वेळी रेडिएटर बदलणं हाच खरा उपाय. त्यात मिस्त्रीची लबाडी शोधू नये.

टाकीपाशी हळदीचा विषय निघाला. घाटात रेडिएटर गळायला लागला की डबा उघडून दोन चमचे हळद ओतणारे ट्रक-टॅक्सीवाले अजून आहेत. मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२३ हा ठरला. त्या गाड्यांच्या डिकीत पाण्याचा कॅन आणि असे चार घरगुती उपाय हमखास असत. हळदीने गळती थांबते, ही भाकडकथा नाही. बारीक पूड पाण्याबरोबर फिरते, चिरेच्या तोंडाशी अडकते, फुगते आणि बसून राहते. बाटलीत मिळणारी गळतीबंद औषधंही याच न्यायाने चालतात. पण चीर कुठे आहे हे पुडीला कळत नाही. हीटरची कॉइल आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्याही तिला तशाच वाटतात. खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत पोचायला हळद चालेल, मात्र पोचल्यावर सगळी यंत्रणा धुऊन काढायलाच हवी. रेडिएटरवाल्याकडे येणाऱ्या चोंदलेल्या जाळ्यांत पिवळा गाळ नेहमीचा आहे.

त्याहून मोठा शत्रू बोअरचं पाणी. क्षाराचं पाणी नळ्यांच्या आत पांढरा थर चढवतं; थर उष्णता अडवतो, गाडी तापते, मालक आणखी पाणी भरतो, थर आणखी वाढतो. नुसतं पाणी भरल्याने बीड गंजतं ते वेगळं. कूलंटमध्ये गंजरोधक असतात आणि ती संपतात. जुन्या हिरव्या जातीची साधारण दोन वर्षांत, नव्या सेंद्रिय आम्लाच्या जातीची पाच वर्षांपर्यंत. रंगावर मात्र विसंबू नये. रंग कंपनी हवा तो घालते, आणि दोन वेगळ्या जाती मिसळल्या तर काही वेळा त्यांचा चिकट गोळा होतो. भर घालायची वेळ आलीच तर शुद्ध पाणी, बॅटरीत घालतात ते, जास्त सुरक्षित.

काट्याबद्दलही सांगायला हवं, कारण त्यावर भरवसा ठेवून इंजिनं जळली आहेत. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. पाणी निघून गेलं की तो हवेत किंवा वाफेत लटकतो, आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. चढावर वर गेलेला काटा अचानक खाली आला तर गाडी थंड झाली असं समजू नका. बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पाणी शाबूत आहे पण काटा चढतोय, अशी स्थिती असेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. मे महिन्यात घाम फुटेल, पण हीटरची कॉइल हा दुसरा छोटा रेडिएटरच आहे. आणि गरम झाकण फिरवू नये. दाब सुटताच ११० अंशांचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं धरून हळूच उघडतो म्हणणाऱ्यांचे भाजलेले हात गॅरेजमध्ये भरपूर पाहायला मिळतात.

काकांच्या गाडीला नवा पंप, नवा पट्टा, नवं झाकण आणि ताजं कूलंट बसलं. त्यानंतर मिस्त्रीने हवेचे अडकलेले फुगे निघेपर्यंत झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, पंखा स्वतःहून लागण्याची वाट पाहिली, आणि पुन्हा एकदा दाबाचा पंप लावला. काटा ०.९ वरून हलला नाही. बिलात ‘गळती शोधणे’ अशी वेगळी ओळ होती. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं: “मिस्त्री, हे कशाचे?” मिस्त्री हसला. “काका, बाकीचे पैसे दुकानदाराचे. हे तेवढे माझे.”

माझ्या मते सगळा गोंधळ याच ओळीपाशी आहे. आपण भागाचे पैसे न कुरकुरता देतो आणि शोधण्याच्या पैशांवर घासाघीस करतो, म्हणून गॅरेजवाले शोधायचं सोडून भाग विकू लागले. दिवाळीत गावी निघण्याआधी एखाद्या सकाळी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडा. बाटलीतली पातळी, वरचा होज आणि झाकणाचं रबर बघा. काही कमी-जास्त वाटलं तर मिस्त्रीकडे जा, दाबाची चाचणी मागा, आणि त्याने शोधण्याचे वेगळे पैसे सांगितले तर ते आनंदाने द्या.